पुढचे पुस्तक

'पुढे काय झाले?' हा वाचकाचा जुना हट्ट. लेखकाने तो पुरवावा की नाही, यावर आमच्या हिमायतनगरच्या मित्रमंडळींत नेहमी वाद होतो. अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांच्या कादंबऱ्या किशोरांसाठी असल्या, तरी या वादाचा निकाल लावायला त्या मला फार उपयोगी वाटतात.

'द गिव्हर' १९९३ साली आली. तीतील समाजात भूक नाही, भांडण नाही. पण रंग नाहीत आणि गतकाळाच्या आठवणीही नाहीत. त्या साऱ्या एकाच माणसाकडे कोंडून ठेवलेल्या. नकोशा जिवाला तेथे 'मुक्त' करतात, म्हणजे मारतात. हे उमगल्यावर बारा वर्षांचा जोनास एका तान्ह्या मुलाला घेऊन पळतो. तो जगला की मेला, हे लेखिका सांगत नाही.

२००० साली 'गॅदरिंग ब्लू' आली. तीत नायक जोनास नाही. गाव निराळे, दरिद्री. नायिका किरा, पायाने अधू, भरतकामात निपुण. मग ही पुढची गोष्ट कसली, असे काहीजण विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. नेमाड्यांच्या 'कोसला' (१९६३) नंतर 'बिढार' (१९७५) आली, तेव्हा पांडुरंग सांगवीकर गेला व चांगदेव पाटील आला. प्रश्न मात्र पुढे चालत राहिला. येथेही तसेच. पहिल्या गावात माणूस शिस्तीने गुलाम होतो, दुसऱ्यात भीतीने. आणि दोन्हीकडे सत्ता टिकते ती स्मृती व कला ताब्यात ठेवून. जोनास पळाला. किरा मात्र निघून जाण्याची संधी असूनही मागे राहते. हे पुस्तक पहिल्याच्या तोडीचे आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

'मेसेंजर'ने (२००४) मात्र वाचकाचा हट्ट पुरवला. जोनास जिवंत, एका गावाचा प्रमुख म्हणून भेटतो, आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटाची धार बोथट होते. मॅटी या मुलाच्या अद्भुत शक्तीने अखेर सारे सावरते, हेही घाईचे वाटते. तरी एका गोष्टीसाठी ते वाचावेच. बाहेरून आलेल्या अनाथ-अपंगांनी वसवलेले ते गाव एके दिवशी वेस बंद करण्याचा ठराव करते. काल आलेलेच आज येणाऱ्यांना अडवू लागतात!

हैदराबादकरांना हे परके वाटू नये. १९५६ साली हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठी व कन्नड जिल्हे तिकडे गेले. कितीतरी मराठी-कन्नड घरे मात्र याच शहरात राहिली. शहराने वेस लावली नाही, म्हणून तर आपला हा अंक दोन विभागांत निघतो. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी आपण ती उघडी ठेवणार आहोत काय?

जुन्या प्रश्नाचे उत्तर दिल्याने पुढचे पुस्तक मोठे होत नाही. नवा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवल्याने होते. या कसोटीवर 'गॅदरिंग ब्लू' पूर्ण उतरते, 'मेसेंजर' अर्धे. पण ते अर्धेदेखील विद्यार्थ्यांनी चुकवू नये.