'तू' या संबोधनातील दैन्य आणि धिटाई

ख्रिस्ती मराठी भक्तिकाव्याचा विचार करताना एक सोयीची विभागणी करण्याचा मोह होतो: कवीचे दैन्य ही संतपरंपरेची देणगी आणि देवापुढील त्याची निर्भयता ही ख्रिस्ती शिकवणीची. प्रस्तुत लेखकास ही विभागणी दोन्ही परंपरांवर अन्याय करणारी वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात दोन दाखले लागोपाठ येतात. पहिल्यात न्यायाधीशाच्या मागे लागून न्याय पदरात पाडून घेणारी विधवा आहे. दुसऱ्यात मंदिरात दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार आहे. एकीचा हट्ट आणि दुसऱ्याचे दैन्य, दोन्ही प्रार्थनाच. दोष येतो तो परुश्याकडे, कारण त्याची भिस्त स्वतःच्या पुण्याच्या हिशेबावर आहे. भिस्त देवाच्या कृपेवर असली की दैन्य आणि धिटाई यांत विरोध उरत नाही.

मराठी भक्तीला हे अपरिचित नव्हते. परंडा तालुक्यातील सोनारीच्या काळभैरवनाथाला साकडे घालणारा भाविक देवाला 'तू'च म्हणतो. अधिकाऱ्यापुढे 'साहेब' म्हणणारा हा माणूस देवापुढे लेकराचे सर्वनाम वापरतो. लेकरू आईपुढे लहान असते, पण तिचा पदर ओढायला ते भीत नाही. चोखोबांना पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. तरी त्यांचे अभंग विठ्ठलाशी याच सलगीने बोलतात आणि त्यालाच जाबही विचारतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हे सर्वनाम त्यांच्याबरोबर आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली मानले. गुरूपुढे वाकायचे आणि माउलीला बिलगायचे, या दोन्ही क्रिया या एका शब्दात सामावतात. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. नाव दरबाराचे, पण दाराशी अडवणारा भालदार नाही.

येथे एका गोष्टीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. टिळकांची भजने गाणाऱ्या अहमदनगर परिसरातील मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. गावगाड्यात 'तू' हे सर्वनाम त्यांच्या वाट्याला आले ते अरेतुरेच्या अपमानातून. वाकणे त्यांना शिकवावे लागत नव्हते. ते त्यांच्यावर लादलेलेच होते. ब्राह्मण कुळातील कवी जेव्हा देवापुढे दीन होतो, तेव्हा तो जन्माने मिळालेले काहीतरी खाली ठेवत असतो. तेच पद मंडळीतील शेतमजूर बाई म्हणते, तेव्हा विश्वाच्या स्वामीला 'तू' म्हणण्याचा अधिकार तिला प्रथमच लाभत असतो. शब्द एकच, पण एकाला त्यातून नम्रता लाभते आणि दुसरीला आत्मविश्वास.

म्हणून नम्रता हा सर्वांना सरसकट करावयाचा उपदेश होऊ शकत नाही. ज्याची मान आधीच वाकवली गेली आहे त्याला केवळ दैन्य शिकवणारे धर्मप्रवचन परुश्याच्याच उपयोगी पडते. त्याचप्रमाणे ज्याला उच्चासनाची सवय आहे, त्याची देवाशी सलगी उद्दामपणाकडे घसरण्याचा धोका असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पद्धतशीर शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी १९१९ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि त्याचा मोठा भाग स्वतः रचला. दुसऱ्याने आरंभिलेले काम आपले मानणे ही नम्रता. ते आपल्याच्याने होईल असे मानणे ही धिटाई. 'स्मृतिचित्रे'तील त्यांचा मिस्कील, निर्भीड स्वरही याच मातीतला आहे.

टिळकांच्या पदांचा अभ्यास आजवर प्रामुख्याने कवीच्या बाजूने झाला. तो गाणाऱ्यांच्या बाजूनेही व्हावयास हवा. कोण गात आहे हे ठरल्याशिवाय त्या पदांतील दैन्याचा आणि धिटाईचा अर्थ पुरता लागणार नाही.