बाहेरच्या प्रयोगशाळेचाही खर्च धरा : भूविज्ञान, वातावरण व सागरविज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, विज्ञान विद्याशाखेचे मा. अधिष्ठाता आणि विद्या परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : पदवी अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्य आणि विषयांची सांगड याबाबत

महोदय / महोदया,

२६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिथून विसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही ठिकाणी वेधशाळा होती, म्हणून हा फरक आज आपल्याला माहीत आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्यांच्या माथ्यावर किती पडला, हे सांगायला मात्र कोणीच नसते. माळीण ३० जुलै २०१४ ला गेले, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. तिन्ही जुलै महिन्यातल्या आणि तिन्ही सह्याद्रीच्या उतारांवरच्या. अशा दरडीचा अभ्यास करायचा तर खडक किती खोल कुजला आहे हे कळावे लागते आणि वर किती तासांत किती पाऊस ओतला हेही. आपल्याकडे पहिली गोष्ट भूविज्ञानाचा विद्यार्थी शिकतो. दुसरी भौतिकशास्त्रात किंवा भूगोलात एखाद्या पेपरपुरती येते. समुद्र तर प्राणिशास्त्राच्या वाट्याला, तोही माशांपुरता.

आमची संघटना हे विषय पदवीला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आहे, आणि शिकवणारे काही शिक्षकही तिच्यात आहेत. आम्हाला नवी इमारत नको, नवा विभागही नको. आमचे म्हणणे एवढेच की या विषयांची खरी प्रयोगशाळा चार भिंतींबाहेर आहे. आतल्या प्रयोगशाळेचा खर्च विद्यापीठ जसा आपला मानते, तसाच बाहेरचाही मानावा. बाकीच्या मागण्या यातूनच निघतात.

आधी फील्डविषयी, कारण सगळे इथेच अडते. पश्चिम महाराष्ट्रात भूविज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे. पहिल्याच वर्षी त्याला होकायंत्र देऊन थराचा उतार आणि दिशा मोजायला सांगतात. पनवेलकडचा झुकलेला पट्टा सोडला, तर मोजायला उतार आहेच कुठे? वळ्या, विभंग, रूपांतरित खडक हे सगळे पुस्तकातल्या आकृतीत. ते प्रत्यक्ष पाहायचे तर सिंधुदुर्गात उतरावे लागते, गोव्याच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात जावे लागते, गोंडवनाचे कोळशाचे थर पाहायला चंद्रपूर गाठावे लागते. म्हणजे बस, मुक्काम, जेवण, आणि किमान आठवडा.

हा खर्च आज विद्यार्थी करतात. वर्गात वर्गणी जमते. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत तो मागे राहतो आणि मित्राच्या वहीवरून अहवाल उतरवून काढतो. अहवालाला गुण मिळतात, खडक मात्र त्याने पाहिलेलाच नसतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आम्ल घरून आणावे असे कोणी म्हणत नाही. मग आमच्याच प्रात्यक्षिकाला ‘सहल’ का म्हणायचे? आमची पहिली मागणी अशी की अनिवार्य क्षेत्रकार्याचा प्रवास आणि निवास विद्यापीठाने प्रयोगशाळा खर्चाच्या शीर्षाखाली द्यावा, आणि ती रक्कम दौऱ्याच्या आधी मिळावी. ‘आधी खर्च करा, बिले जोडा, मग पाहू’ ही पद्धत ज्यांच्या खिशात आधीच पैसे आहेत त्यांच्यासाठीच चालते.

श्रेयांकांचा हिशोबही सरळ आहे. प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना एक श्रेयांक. सात दिवस, रोज आठ तास डोंगरात, रात्री नकाशा पूर्ण करणे वेगळे. हे दोन श्रेयांकांचे काम झाले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या चौकटीत ‘फील्ड प्रोजेक्ट’ नावाचा घटक आहेच. त्याच्या नावाखाली महाविद्यालयाच्या आवारातले सर्वेक्षण उरकून घेऊ नये, आमच्या विषयांना तो खऱ्याखुऱ्या फील्डसाठी राखून ठेवावा. वेळापत्रकाचेही तेच. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो, वाटा निसरड्या असतात, आणि डोंगर उघडा पडतो त्या डिसेंबरच्या तोंडावर सत्र परीक्षा येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत सलग दहा दिवस मोकळे ठेवा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना फील्डच्या दिवसांचे मानधन मिळत नाही. मुलांना घेऊन आठवडाभर बाहेर राहायचे आणि त्या आठवड्याचे तास मात्र बुडालेले धरायचे, हे कोणत्या न्यायात बसते? मानधन द्यावे.

सुरक्षिततेचा प्रश्न प्रशासन नेहमी पुढे करते, आणि तो खोटा नाही. पण त्याला फील्ड बंद करणे हे उत्तर नव्हे. सामूहिक विमा, पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, प्रत्येक चमूत एक शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी, आणि हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असलेल्या दिवशी घाटात न जाण्याचा लेखी नियम एवढे पुरे. (इशारा वाचण्याचे काम वातावरणविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर सोपवा, सरावही होईल.) विद्यार्थिनींची एक अडचण कोणत्याही अहवालात येत नाही, म्हणून इथे लिहितो. दिवसभर डोंगरात स्वच्छतागृह नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात आठ तास. दौऱ्याचा मार्ग आखतानाच थांबे ठरवावेत. याला पैसे लागत नाहीत, आधी विचार लागतो.

आतल्या प्रयोगशाळेचे थोडक्यात. खडकाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दोन्ही ध्रुवक आडवे घातले आणि मंच फिरवला की प्लेजिओक्लेजवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आळीपाळीने विझतात आणि उजळतात. तो कोन मोजून खनिजाचा प्रकार ठरवायचा असतो. एका सूक्ष्मदर्शकामागे रांग लागलेली असली की पट्ट्या दिसतात, पण कोन मोजायला वेळ उरत नाही. दोघांमागे एक सूक्ष्मदर्शक हे किमान प्रमाण ठरवून द्यावे.

आता हवा आणि समुद्र. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागते हा गैरसमज आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात एक पर्जन्यमापक आणि उत्तरेला दार असलेली पांढरी झडपांची तापमापक पेटी बसवा. सकाळी साडेआठला नोंद घ्यायची, जी वेळ हवामान खाते पाळते तीच. पहिल्या तासाच्या आधी हे काम होते. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी दोन काठ्या आणि दोरी घेऊन वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पुळणीचा छेद मोजावा. पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि हिवाळ्यात ती परत येते. किती परत येते हे दहा वर्षे सलग मोजल्याशिवाय धूप खरी किती हे कळत नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ जमिनीवर आले. त्याच्या आदल्या महिन्यातली अशी नोंद आपल्या किती महाविद्यालयांकडे आहे?

या नोंदी एका विषयाच्या नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षाला ‘जमीन, हवा, समुद्र’ असा एक सामाईक पेपर ठेवावा आणि तो भूविज्ञान, भूगोल, भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून शिकवावा. हा पेपर कोणाच्या विभागाचा, यावर अभ्यास मंडळांत वाद होईल याची आम्हाला कल्पना आहे. तो वाद एका बैठकीत मिटवावा, तीन वर्षे चालवू नये.

आपल्या राज्याचे भाग्य असे की या शास्त्रांच्या मोठ्या संस्था आपल्या दारात आहेत. पुण्यात हवामान खाते आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, पनवेलला भूचुंबकत्व संस्था, शेजारी गोव्यात दोना पावला येथे १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा झाला. तिथे गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे आणि कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. कराडपासून तासाभराच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलाने ती पाहिलेली नसावी, याला काय म्हणावे? विद्यापीठाने या संस्थांशी करार करून दरवर्षी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण ठरवावे. एकेका विद्यार्थ्याने शिफारसपत्र हातात घेऊन दारोदार फिरण्यात अर्थ नाही.

नोकरीबद्दल खोटी आशा आम्ही दाखवत नाही. केंद्राच्या भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे बीएस्सी झालेल्याला त्या दारात उभे राहता येत नाही. पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष इथे ऑन जॉब ट्रेनिंग सुरू करता येईल. पावसाळ्याआधी घाटातल्या वाड्यांवर जमिनीला पडलेल्या भेगा नकाशावर घेणे हे काम पदवीचा विद्यार्थी नीट करू शकतो, शिक्षक सोबत असेल तर. धोका ठरवणे तज्ज्ञांनीच करावे. अहवाल मराठीत लिहायची मुभा असावी आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. ज्यांच्या घरामागचा उतार आपण मोजला, त्यांना तो वाचता आला पाहिजे.

यातल्या सगळ्या गोष्टी एका वर्षात होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. क्रम विचाराल तर फील्डचा खर्च आणि विमा येत्या शैक्षणिक वर्षापासून, पर्जन्यमापक येत्या पावसाळ्याआधी, आणि सामाईक पेपर त्यापुढच्या वर्षी. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत हे मागणीपत्र विषयपत्रिकेवर घ्यावे, आमच्या प्रतिनिधींना म्हणणे मांडायला वेळ द्यावा आणि जी मागणी नाकारायची असेल तिचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद