दिवसाचे ओलीत, संध्याकाळचा कोळसा

धामणगाव रेल्वे, प्रतिनिधी

वर्धा-बडनेरा लोहमार्गावरील धामणगाव रेल्वे स्थानकातून वणी-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा घेऊन मालगाड्या पारस आणि भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रांकडे जातात. रुळांच्या दुतर्फा असलेल्या शिवारातील शेतकरी मात्र हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी वर्षानुवर्षे रात्री जागत आला आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी थेट संबंध आहे. सौरऊर्जेकडे निघालेल्या महाराष्ट्राचे यशापयशही याच संबंधाच्या आधारे तपासावे लागेल.

कोळशावरील संच हवा तेव्हा बंद आणि हवा तेव्हा सुरू करता येत नाही. बॉयलर थंड झाला, की तो पुन्हा तापवण्यात वेळ आणि इंधन दोन्ही खर्च होते. त्यामुळे रात्री शहरांची मागणी उतरली तरी संच किमान भारावर चालू ठेवणे भाग असते. ही वीज खपावी म्हणून उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत दरसवलत दिली गेली आणि कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धत रूढ झाली. मागणीचा खड्डा भरून निघाला. त्याची किंमत कडाक्याच्या थंडीत, सापकिरडाच्या आणि रानडुकरांच्या भीतीत बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाने मोजली.

सूर्य हे वेळापत्रक उलटवतो. २०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीची निवड झाली होती. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. सात हजार मेगावॉटचे आरंभीचे उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथील कार्यक्रमात लोकार्पण झालेल्या १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांत अकोला जिल्ह्यातील जलालाबाद आणि बुलढाणा जिल्ह्यातील पळशी बुद्रुक यांचा समावेश होता. उपकेंद्राजवळच वीज निर्माण करून ती त्याच उपकेंद्राच्या कृषी फीडरवर सोडायची, अशी ही रचना आहे. त्यामुळे दूरवरून वीज वाहून आणताना होणारी गळतीही कमी होते.

शासनाचा यातील स्वार्थ उघड आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. त्याचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला. युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळणारी सौरवीज हाच हा भार हलका करण्याचा मार्ग आहे. कोळशाला पाणीही लागते. अमरावतीजवळील नांदगाव पेठच्या १,३५० मेगावॉट प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी देण्यावरून झालेला संघर्ष जिल्हा विसरलेला नाही. सौर पॅनेल धुण्यापुरतेच पाणी मागते.

तथापि, चित्राची दुसरी बाजू सूर्यास्तानंतर दिसते. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्मेतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र सुमारे ७० टक्क्यांहून अधिक वीज त्या वर्षीही कोळशाचीच होती. सौरक्षमता दिवसाचे काही तासच चालते. म्हणजे पूर्वी कोळशाची अडचण मध्यरात्री होती, ती आता भर दुपारी आली आहे. संच दुपारी ५५ टक्के भारापर्यंत उतरवायचे आणि दिवेलागणीला पुन्हा चढवायचे, ही कसरत महाग आहे. कॅलिफोर्नियाने त्यासाठी बॅटऱ्यांचा आधार घेतला. आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. पण गरजेच्या मानाने तो लहानच. साठवणुकीशिवाय पारसकडे जाणाऱ्या मालगाड्या थांबणार नाहीत.

दुसरा प्रश्न जमिनीचा. खासगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, हा व्यवहार कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारा आहे. परंतु जेथे गावची ई-क्लास जमीन दिली जाते, तेथे भाड्याचा धनी कोणी शेतकरी नसतो आणि चराई गमावणारा पशुपालक बहुधा भूमिहीन असतो. ग्रामपंचायतीला तीन वर्षे मिळणारे प्रत्येकी पाच लाख रुपये त्याच्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. म्हणून जागेचा निर्णय ग्रामसभेत उघडपणे व्हायला हवा.

तिसरा प्रश्न नव्या जोडणीऐवजी स्वतंत्र सौरपंप घेणाऱ्यांचा. दहा टक्के हिश्श्यात, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्क्यांत, पंप मिळतो. देखभालीची हमी पाच वर्षांची असते. सहाव्या वर्षी तो नादुरुस्त झाल्यास ऐन हंगामात दुरुस्ती कोण करणार, याची व्यवस्था तालुका पातळीवर आजच उभी करावी लागेल.

मेगावॉटचे आकडे मंत्रालयात मोठे दिसतात. धामणगावच्या शिवारात हिशेब तासांचा आहे. रब्बीत सलग आठ तास, पूर्ण दाबाने, दिवसा वीज किती फीडरवर मिळाली, हा तक्ता महावितरणने दरमहा उपकेंद्रनिहाय प्रसिद्ध करावा. ऊर्जास्थित्यंतर कोठवर आले, याचे उत्तर त्या तक्त्यात मिळेल.