मालिकेची वेळ आणि घराची वेळ

सायंकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंतचा काळ अनेक घरांत दूरचित्रवाणीच्या स्वाधीन असतो. ज्येष्ठांचे जेवण, औषधे आणि झोप मालिकांच्या वेळापत्रकानुसार पुढेमागे सरकत राहतात. मालिका पाहण्यात गैर काहीच नाही. दिवसभर एकट्या असणाऱ्या आजींना ओळखीचे चेहरे नित्यनेमाने भेटतात ते त्याच पडद्यावर. प्रश्न एवढाच, की वेळ कोणी कोणाची पाळायची?

या प्रश्नाचे आरोग्याशी निकटचे नाते आहे. इन्सुलिन घेतल्यावर ‘एवढा भाग संपू दे’ म्हणून जेवण लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवीची भावना दाबून जाहिरातीची वाट पाहायची आणि मग अंधाऱ्या बोळातून घाईने न्हाणीघर गाठायचे, यात पाय घसरण्याचे भय असते. वाढत्या वयात झोपेची नैसर्गिक वेळ अलीकडे सरकते आणि पहाटे लवकर जाग येते. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत जागून गमावलेली झोप सकाळी भरून निघत नाही.

यावर एक साधा उपाय आहे, तो म्हणजे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून सोयीच्या वेळी पाहणे. ही कल्पना नवी नाही. १९७५-७६च्या सुमारास बीटामॅक्स आणि व्हीएचएस ही घरगुती यंत्रे आली, तेव्हा अमेरिकेत असे मुद्रण कायदेशीर आहे काय, असा वाद उभा राहिला. मुलांच्या कार्यक्रमाचे लोकप्रिय निवेदक फ्रेड रॉजर्स यांनी त्या खटल्यात कुटुंबांच्या बाजूने साक्ष दिली. आपला कार्यक्रम लोकांनी आपापल्या सोयीने पाहावा, यात त्यांना काहीच वावगे वाटत नव्हते. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण ग्राह्य मानले.

आता कॅसेटची जागा सेट-टॉप बॉक्सने घेतली आहे. काही बॉक्समध्ये मुद्रणाची सोय अंगभूत असते, तर काहींना पेन ड्राइव्ह जोडावा लागतो. आपल्या बॉक्समध्ये ती आहे का, हे केबलवाल्यास विचारावे. असल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रात्री भिंतीवरील बटण बंद केले, तर ठरवलेले मुद्रण होत नाही. कार्यक्रम उशिरा संपण्याची शक्यता धरून मुद्रणाची वेळ पाच-दहा मिनिटे वाढवून ठेवावी. एका बॉक्सवर मुद्रित झालेला कार्यक्रम बहुधा दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही, त्यामुळे पेन ड्राइव्ह लेकीच्या घरी नेऊन उपयोग होईलच असे नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रारंभीचे काही दिवस शेजारी बसून हे शिकवावे. रिमोटवरील ‘थांबवा’ आणि ‘पुढे चालू’ या दोन बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवाव्यात. पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून कागद भिंतीवर लावावा. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना निसटलेला संवाद मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. सारखे ‘काय म्हणाला?’ असे विचारावे लागत नाही आणि त्यामागचा संकोचही टळतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ओळखीचा, शांत कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवता येतो. सायंकाळच्या अस्वस्थ प्रहरी त्याचा आधार होऊ शकतो.

तथापि साठा वाढला की सलग चार भाग पाहण्याचा मोहही वाढतो. एका बैठकीत एकच भाग पाहावा, मग उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. वेस्ट इंडिजमधील क्रिकेट सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी चाललेला असतो. आजोबांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर पाहावा. घरच्यांनी मात्र तोवर निकाल सांगू नये!

शेवटी एक विनंती. सून किंवा नातू रोज रात्री सोबत बसून मालिका पाहत असतील, तर तो भाग मुद्रित करून दुपारी एकट्याने पाहण्यासाठी ठेवू नये. तो सर्वांनी मिळूनच पाहावा. फक्त जेवण आणि औषध त्याआधी उरकलेले असावे.