ग्वाल्हेरच्या दगडावर लॅमिनेट का?

ग्वाल्हेरमध्ये घर सजवून घेणारी तरुण जोडपी हल्ली 'स्कॅन्डी', म्हणजे स्कॅन्डिनेव्हियन शैली, हा शब्द घेऊनच आपल्याकडे येतात. मोबाइलमध्ये चित्रे साठवलेली असतात: पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, तागाचे पडदे, हाताने घडवलेले थोडे वाकडे मातीचे भांडे. या मागणीचे आपण मनापासून स्वागत करायला हवे. छताला पीओपीच्या नक्षीचे थर आणि भिंतींना चकचकीत पॅनेल यांना माणसे कंटाळली आहेत, त्यांना साधे आणि खरे काही हवे आहे. पण ती मागणी आपण पुरी कशी करतो? ओकच्या रेषा छापलेले लॅमिनेट, दगडासारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल, काँक्रीटचा भास देणारा टेक्श्चर पेंट. आणि हे सारे 'लष्कर' भागातल्या एखाद्या जुन्या घरात, जिथे त्या टाइलखाली ग्वाल्हेरची अस्सल दगडी फरशी कायमची झाकली जाते. नैसर्गिक साहित्याची हौस भागवायला नैसर्गिक साहित्य गाडून टाकायचे, हा प्रकार थांबला पाहिजे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

ज्या देशांचे नाव आपण घेतो, त्यांनी स्वतः काय केले होते? स्वीडनचे चित्रकार कार्ल लार्सन यांनी १८९९ साली सुंडबोर्न गावातल्या आपल्या राहत्या घराची जलरंगातली चित्रे पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी लेखिका एलन की यांनी घरातले सौंदर्य श्रीमंतांपुरते नसावे, ते सर्वांना परवडावे, अशी बाजू मांडली. आजच्या स्कॅन्डिनेव्हियन घराची मुळे शोधताना या दोघांची नावे घ्यावीच लागतात. लार्सन यांचे घर मात्र पांढरेफटक मुळीच नाही. त्यात ठसठशीत लाल आणि हिरवा आहे, आणि त्यांच्या पत्नी कारिन यांनी स्वतः विणलेली कापडे आहेत. त्या भागातल्या लाकडी घरांवर जो गडद तांबडा रंग दिसतो, तो जवळच्याच फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या टाकाऊ मालातून काढलेला. खाण १९९२ साली बंद झाली, रंग अजून तयार होतो.

डेन्मार्कचे उदाहरण तर आपल्या सुतारांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खुर्च्या विणायला लागणारे समुद्रगवत मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या कारागिरांनी कागदाला पीळ देऊन दोरी केली. बोर्गे मोगेन्सेन यांनी १९४७ साली डॅनिश सहकारी ग्राहक संस्थेसाठी 'जे ३९' ही खुर्ची आखली, तिची बैठक याच कागदी दोरीची. सामान्य कुटुंबाला घेता यावी म्हणून केलेली ती खुर्ची आज जगभर मानाने विकली जाते. चंबळच्या या पट्ट्यात मुंज गवताच्या दोरीने विणलेली बाज घरोघर होती. आपण ती गच्चीवर टाकली, मग भंगारात दिली, आणि आता कागदी दोरीच्या खुर्चीची नक्कल बाहेरून मागवतो. मुंज विणणारे हात अजून आसपासच्या गावांत आहेत. शिसवाची सरळ चौकट आणि मुंजीची बैठक असे एखादे बाकडे आपल्यापैकी कोणी आखले, तर हे मासिक त्याची मापांसहित रेखाटने आनंदाने छापील.

जवळ काय आहे हे पाहायला ग्वाल्हेरात लांब जावे लागत नाही. किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तोच विंध्य प्रस्तराच्या वालुकाश्माचा. मानसिंह तोमरांचा महाल या दगडाचा, मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यातल्या सोळाव्या शतकातल्या जाळ्याही दगडाच्याच. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली, तिचे 'लष्कर' शहर झाले. सरदारांनी आणि कारकुनांनी दक्षिणेतून वाड्याची कल्पना आणली: चौक, ओसरी, माजघर, देवळ्या, भिंतीतली फडताळे. दगड आणि कारागीर मात्र त्यांनी इथलेच घेतले. दगडी पट्ट्यांची छते, झरोके आणि जाळ्या हे सगळे या भूमीचे. मराठी आखणी आणि बुंदेली-ग्वाल्हेरी दगडकाम यांचा असा मेळ पुण्यातही बघायला मिळत नाही. २०२३ साली ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा गालिचा आणि इथले दगडकाम आपल्या एस्टिमेटात किती वेळा असतात, हे प्रत्येकाने आपल्या फायली काढून बघावे.

दुसऱ्या बाजूला जयविलास महाल आहे. १८७४ साली मायकेल फिलोस यांनी तो जयाजीराव शिंद्यांसाठी उभा केला. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत, आणि छत तेवढे वजन पेलेल की नाही हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. त्या वास्तूबद्दल आम्हांला आदर आहे. पण बाहेरून आणलेली वस्तू म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूत या शहराच्या दिवाणखान्यांत तेव्हापासून ठाण मांडून बसली आहे. तेव्हा काच होती, आता फिकट ओक आहे.

आता इथल्या दगडाकडे येऊ. आमच्या टेबलावर 'मिंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्वाल्हेरच्या वालुकाश्माची फूटभर लादी आहे. रंग ताकासारखा, आणि त्यातून फिक्या जांभळ्या ठिपक्यांचा एक पट्टा तिरका गेलेला. एका कडेला पाथरवटाच्या टाकीचे घाव तसेच ठेवले आहेत, ते सारख्या अंतरावर नाहीत. बोट फिरवले तर वाळूचा कण जाणवतो. पाण्याचा थेंब टाकला की क्षणभर उभा राहतो, मग जिरतो, तेवढी जागा गडद होते आणि वाळल्यावर पूर्ववत होते. हळदीचा डाग असा जात नाही. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावर हा दगड बसवू नये. तिथे ग्रॅनाइटच बरा, त्यात कमीपणा काही नाही. ओसरीला, जिन्याला, खिडकीच्या बैठकीला आणि न्हाणीच्या भिंतीला मिंटसारखा दगड नाही.

फरशी बसवून झाल्यावर ॲसिड मारून सिमेंट काढायची जी सवय साइटवर आहे, तिने या दगडाचे वाटोळे होते. ॲसिडमुळे दगडातले लोह सुटते आणि पिवळट-तपकिरी डाग वर येतात, ते पुढे काढणे फार कठीण जाते. सिमेंट ओले असतानाच पुसून घ्यावे. वरून चकाकी देणारा जाड थर चढवू नये. ओल आत कोंडली की दगडाचे पापुद्रे सुटतात. आत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर घ्यावा, आणि तोही आधी तुकड्यावर लावून बघावा.

आता उन्हाबद्दल. डिसेंबरात स्टॉकहोमला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. तिथल्या पांढऱ्या भिंती आणि उघड्या काचा त्या तुटपुंज्या उजेडासाठी आहेत. ग्वाल्हेरला जूनच्या माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर असतो आणि पारा ४५च्या घरात. इथे पश्चिमेला मजल्याएवढी काच लावून तिच्यासमोर पांढरी भिंत उभी करणे म्हणजे त्या कुटुंबाला चार महिने त्या खोलीतून हद्दपार करणे. दक्षिणेला मोठी खिडकी जरूर द्या. चार फूट उंच खिडकीच्या माथ्यावर दोन फुटांचा छज्जा असला, तर जूनमधले दुपारचे ऊन आत येत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४० अंशांवर असतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या निम्म्याहून अधिक भागातून ऊन आत पसरते. पश्चिमेला दगडी जाळी हवी. चुन्याचा पांढरा सगळ्यात आधी गच्चीवर द्यावा, तिथे तो उष्णता परतवतो. आतल्या भिंतींना चुन्याच्या गिलाव्यात थोडी पिवळी माती किंवा गेरू मिसळला की डोळ्यांना निववणारा रंग मिळतो आणि भिंत श्वास घेते.

धुळीचेही तसेच. एप्रिल-मेच्या आंधीत उघड्या शेल्फवरची भांडी आणि लोकरीच्या गुंडीदार कापडाचा सोफा घरातल्या बाईला रोज शिक्षा करतात. वाड्यातले दारांचे फडताळ या हवेला पुरून उरले आहे, ते साध्या सरळ रेषांत नव्याने आखा. गालिचा थंडीत अंथरावा आणि होळीनंतर गुंडाळून ठेवावा, खाली थंड दगड मोकळा असू द्यावा. पॅकिंगच्या पाइनला इथली वाळवी सोडत नाही, हे तर आपण सगळेच जाणतो. जुन्या वाड्यांचे सागवान वापरणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. ते कुठल्या वाड्याचे आहे आणि वाडा का पडला, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आपली मागणी वाडे पाडण्याचे कारण होता कामा नये.

आणि पाथरवट. वालुकाश्मात क्वार्ट्झ असतो. कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते, तिने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ओली कटाई, धूळ ओढणारे यंत्र आणि योग्य मुखपट्टी यांचा खर्च एस्टिमेटात स्वतंत्र ओळीने लिहावा आणि क्लायंटला समजावून सांगावा. नैसर्गिक घराची बढाई मारणाऱ्या आपल्या व्यवसायाने तरी ही ओळ गाळू नये.

अडचण येते ती हस्तांतराच्या दिवशी. 'या लादीत डाग आहे', 'ही कड सरळ नाही' असे क्लायंट म्हणतो आणि बिल अडते. याला उपाय साधा आहे. काम सुरू होण्याआधी खाणीच्या त्याच मालातून तीन लाद्या काढाव्यात: सर्वांत स्वच्छ, मधली आणि सर्वांत जास्त ठिपक्यांची. तिन्ही क्लायंटला दिवसाच्या उजेडात, कोरड्या आणि ओल्या दाखवाव्यात, मागे त्याची सही घ्यावी आणि काम संपेपर्यंत साइटवर ठेवाव्यात. टाकीचे घाव किती अंतराने हवेत, लाकडाला पीयू पॉलिश की साबण-तेलाचा हात, हेही अशाच तुकड्यांवर ठरवावे. डेन्मार्कमध्ये साबण लावलेले लाकूड घरमालक स्वतः ठरावीक काळाने पुन्हा घासतो. आपणही हस्तांतराच्या कागदांत देखभालीचे एक पान जोडावे: दगड कशाने पुसायचा, कशाने नाही, लाकडाला तेल कधी, मुंज कधी ताणायची. अशा पानाचा नमुना या अंकाच्या शेवटी दिला आहे. आपापल्या कामाप्रमाणे त्यात बदल करून घ्यावा.