१५ लाख भरा आणि खुशाल धूर सोडा!

मानखुर्दकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. रात्री खिडक्या लावून झोपणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. तो मोडला तर ५ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या ‘जनविश्वास’ कायद्याने ही कैद काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून दंड १० हजार ते १५ लाख. तुरुंगाची भीती आता फक्त दंड थकवला तर. म्हणजे पैसे भरा आणि सुटा!

१५ लाखांत लल्लूभाई कंपाउंडमध्ये धड खोली तरी मिळेल का, सांगा बरं. मग कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला त्याची काय मातब्बरी? हा दंड नाही, खर्चाच्या वहीतली एक ओळ आहे.

कुणी म्हणेल, कैद कागदावरच होती, आत कोण गेलं? मान्य. पण कुलूप गंजलं तर त्यात तेल घालतात, दारच काढून नेत नाहीत.

कुणी म्हणेल, हरित लवाद आहे ना. आहे. शेजारचं माहुल बघा. माहुल-आंबापाड्याच्या लोकांनी २०१४ साली दाद मागितली. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी भरायला सांगितले. त्यात दोन सरकारी तेल कंपन्या! रक्कम तगडी, पण ती ठरेपर्यंत सहा वर्षं गेली. गोवंडीतला रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प घ्या. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो हलवायला सांगितला, तोही दोन वर्षांच्या मुदतीत. आपल्या फुप्फुसांना अशी मुदत कोण देतं?

दिल्लीच्या श्रीराम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं होतं की, धोकादायक उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. मग हाच हिशोब दंडाला का नाही?

मागण्या साध्या आहेत. दंड कंपनीच्या ऐपतीप्रमाणे हवा. जाणूनबुजून विष सोडलं तर संचालकाला कैद हवी. आणि धुराड्यातून काय निघतं, त्याचे आकडे रोज नाक्यावर, मराठीत लागले पाहिजेत.

प्रदूषण नियंत्रण मंडळ सायनला आहे, लांब नाही. तक्रार लेखी द्या, पोचपावती घ्या. आणि मत मागायला दारात येतील, त्यांना आधी हेच विचारा: ‘जनविश्वास’ म्हणता, तो नेमका कुठल्या जनांचा?