रद्दी नको, नवं पुस्तक द्या



मागच्या पावसाळ्यात अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडून आपल्या एका वाडीवर पुस्तकांची तीन पोती आली. पोरं धावत गेली. पोत्यांतून निघाली जुनी गाईडं, अर्ध्या सोडवलेल्या वह्या आणि इंग्रजी मासिकं. फोटो निघाले, टेम्पो गेला. तिसरीतल्या एका पोरीने विचारलं, "यातलं माझं कोणतं?" कुणालाच सांगता आलं नाही.

काही साथी म्हणतात, वनहक्काचे दावे अडकलेत आणि तुम्ही गोष्टीच्या पुस्तकांचं काय घेऊन बसलात? मला हे पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनी कशा गेल्या? सावकाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवून. त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. वाचायची गोडी काही दाव्याच्या फॉर्मने लागत नाही, गोष्टीने लागते. आज गोष्ट वाचणारी पोरगीच उद्या सातबारा वाचेल, ग्रामसभेचा ठराव वाचून मगच सही करेल.

शाळेत पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. चांगलंच आहे. पण ती परीक्षेची पुस्तकं. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलं की दप्तर वाडीवर आणि पोर भट्टीवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीचं काम १९५७ साली कोसबाडला नेलं. तिथे पोरं गुरांमागे जात, शाळेत येत नसत. मग बायांनी शाळाच कुरणात नेली. पुस्तकानेही तसंच पोराच्या मागे भट्टीपर्यंत गेलं पाहिजे.

कारखानदार पुस्तकं देतात ते उपकार म्हणून घेऊ नका. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे असतात. आणि इथल्या कारखान्यांना पाणी येतं ते बारवी धरणाचं. त्या धरणाखाली मुरबाडकडच्या आपल्या माणसांच्या जमिनी गेल्यात. म्हणून देणाऱ्यांना सरळ सांगायचं: पुस्तकं जरूर द्या, पण कोरी द्या. मराठीतली, मोठ्या अक्षरांची, चित्रांची द्या. पोरांना स्वतः निवडू द्या. पहिल्या पानावर कंपनीचा शिक्का नको, पोराचं नाव हवं. आणि पुस्तकं दिली म्हणजे जमिनीचा हिशेब मिटला, असं समजू नका.

आपल्या घरात नव्याकोऱ्या वस्तू येतातच किती? कपडे उतरलेले, चपला उतरलेल्या. त्या पोराच्या हातात स्वतःच्या नावाचं नवं पुस्तक पडलं, तर त्याला कळतं की हे माझं आहे, कुणी मागू शकत नाही. जमिनीसाठी आपण तरी दुसरं काय मागतोय?

आपलंही काम आहे. दर वाडीत एक पत्र्याची पेटी ठेवू. किल्ली पोरांकडेच राहू द्या. पुस्तक फाटलं तर ओरडू नका, फाटतं म्हणजे हाताळलं जातंय. आठवड्यातून एकदा संध्याकाळी शिकलेल्या पोराने मोठ्याने वाचावं, म्हाताऱ्यांनी आपल्या बोलीतली गोष्ट सांगावी, ती वहीत उतरवावी. आणि भट्टीवर निघताना भांड्यांच्या बोचक्यात एक पुस्तक बांधायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येक वाडीने पोरांची यादी घेऊन यावं.

जिंदाबाद!